शेवटची नव्हे, पहिली एरर शोध: कर्नलचा बिल्ड फसतो आणि बोर्ड कोसळतो तेव्हा

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तिचा गट दिवाडी बेटावरच्या खाजनात (बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेतजमिनीत), एका मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर) पाण्याची हालचाल नोंदवणारे उपकरण बसवतोय. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक-बोर्ड (पुढे नुसते ‘पाय’), त्याला जोडलेला फ्लोट सेन्सर आणि त्या सेन्सरसाठी स्वतः लिहिलेला लिनक्स कर्नल ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालणारा कोड), असा सगळा सरंजाम. तक्रारी तीन आहेत. एक, पायवरच कर्नल बिल्ड करताना (सोर्स कोडपासून तयार करताना) ‘मेक: एरर २’ येऊन सगळे थांबते आणि काहीही न बदलता पुन्हा चालवले तर कधी वेगळीच एरर येते. दोन, ड्रायव्हर कॉलेजच्या लॅबमध्ये व्यवस्थित चालतो, पण मानशीवर नेऊन लोड केला की बोर्ड गोठतो. तीन, लॅबमध्येही ड्रायव्हर काढून टाकल्यावर काही सेकंदांनी क्रॅश होतो, आणि तो तिच्या कोडमध्ये नाही, कर्नलच्या टायमरच्या कोडमध्ये दिसतो. मग हा कर्नलचाच बग म्हणायचा का? सोबत तिने पडद्याचे फोटो आणि ड्रायव्हरचा कोड पाठवला आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे मनातली शंका जाईल. कर्नलचा बग नाही. तुझ्या ड्रायव्हरचा आहे, आणि दुसऱ्या तक्रारीतला बगही ड्रायव्हरचाच आहे. दोन्ही एका दुपारचे काम आहे. पण नुसती दुरुस्ती सांगून मी थांबणार नाही, कारण तू पाठवलेला प्रत्येक फोटो पडद्याच्या शेवटच्या पंचवीस-तीस ओळींचा आहे, आणि तुझे दोन आठवडे त्यातच गेले असणार. कर्नलच्या कामात शेवटची ओळ जवळजवळ कधीच खरे कारण सांगत नाही. बिल्डमध्येही नाही, क्रॅशमध्येही नाही. पहिली ओळ शोधायची आणि ती जपून ठेवायची, हीच यातली मुख्य मेहनत.

बिल्डपासून सुरुवात करू. ‘एरर २’ ही मेकची, म्हणजे बिल्डची कामे क्रमाने करवून घेणाऱ्या प्रोग्रामची, स्वतःची तक्रार आहे. कर्नलचा बिल्ड म्हणजे एका मेकने दुसऱ्या मेकला, त्याने तिसऱ्याला हाक मारलेली. सर्वात आतला कंपायलर अडला की त्याच्या वरचा प्रत्येक मेक एकेक ओळ छापतो आणि थांबतो. तुला दिसतात त्या फक्त या निरोपांच्या ओळी. त्यात तू ‘जे ४’ देऊन चार कामे एकदम चालवलीस, म्हणजे एक काम अडल्यावरही बाकीची तीन आपापले संपेपर्यंत पडद्यावर लिहीत राहतात आणि खरी एरर वर सरकून नाहीशी होते. म्हणून बिल्डचा सगळा आउटपुट फाइलमध्ये घे, आणि त्या फाइलमध्ये वरून खाली ‘एरर’ आणि पुढे कोलन (दोन टिंबांचे चिन्ह) असलेली पहिली जागा शोध. तरीही गोंधळ असेल तर तोच बिल्ड ‘जे १’ आणि ‘व्ही बरोबर १’ देऊन चालव. एका वेळी एकच काम होईल आणि कंपायलरला नेमका कोणता आदेश गेला तेही दिसेल. बाकी सगळे आधीच बिल्ड झालेले असते, त्यामुळे याला फार वेळ लागत नाही.

आता ‘काहीही न बदलता वेगळी एरर’ हे प्रकरण. तू लिहिले आहेस की पावसात डिचोलीला लाईट जाते आणि बिल्ड मध्येच तुटतो. हेच कारण आहे, आणि ते बारकाईने समजून घेण्यासारखे आहे. कंपायलर ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलचे यंत्रभाषेतले रूप) लिहितो तेव्हा फाइलचे नाव आणि वेळ डिस्कवर एका क्षणी जातात, आतला मजकूर काही क्षणांनी. मध्येच वीज गेली तर शून्य बाइटची किंवा अर्धी फाइल उरते, आणि तिच्यावरची वेळ मात्र सोर्स फाइलपेक्षा नवी असते. मेक फक्त वेळ बघतो. त्याच्या लेखी ती फाइल तयार आहे, तिला पुन्हा हात लावायची गरज नाही. मग पुढे या फाइली एकत्र जोडणारा लिंकर येतो आणि ‘फाइल नॉट रेकग्नाइझ्ड’ किंवा ‘फाइल ट्रंकेटेड’ म्हणतो. कधी एखादे चिन्ह सापडत नाही अशी तक्रार करतो, जे सोर्समध्ये डोळ्यांना स्पष्ट दिसत असते. माणूस सोर्समध्ये चूक शोधत बसतो आणि चूक सोर्समध्ये नसतेच. वीज गेल्यानंतर आधी शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइली शोधून उडव. अर्धवट फाइली अशा सापडत नाहीत, म्हणून शंका उरली तर सरळ ‘मेक क्लीन’ करून नव्याने बिल्ड कर. ‘क्लीन’ कॉन्फिग फाइल (कर्नलचे निवडलेले पर्याय) ठेवतो, ‘एमआरप्रॉपर’ तीही पुसतो, हे लक्षात ठेव आणि कॉन्फिगची प्रत आधीच बाजूला काढून ठेव.

याला जोडूनच घड्याळाची गोष्ट येते. पाय ४ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. नेटवर्क मिळेपर्यंत त्याची वेळ मागे असते. दिवाडीवर नेटशिवाय फाइल बदललीस आणि घरी येऊन बिल्ड केलास, किंवा उलटे, तर मेकला बदललेली फाइल जुनी वाटू शकते. ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा इशारा आला तर तो नजरेआड करू नकोस. त्यातच पुढे लिहिलेले असते की बिल्ड अपुरा असू शकतो, आणि ते शब्दशः खरे असते.

तुझ्या दुसऱ्या फोटोत कोपऱ्यात ‘किल्ड’ आणि ‘सीसी१’ हे शब्द दिसतात. ते मेमरी संपल्याचे लक्षण. दोन जीबीच्या पायवर चार कंपायलर आणि शेवटचे लिंकिंग असे सगळे एकदम मावत नाही, म्हणून कर्नल स्वतःच कंपायलरला ठार करतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, त्याची नोंद सापडेल. पण माझा सल्ला असा की पायवर कर्नल बिल्ड करूच नकोस. लॅपटॉपवर क्रॉस-कंपायलर (दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बिल्ड करणारा कंपायलर) टाक आणि तिथे बिल्ड कर, पायवर फक्त तयार इमेज (कर्नलची फाइल) आणि मॉड्यूल (हवे तेव्हा लोड होणारा ड्रायव्हर) ने. एकच पथ्य: ‘आर्क’ (प्रोसेसरचा प्रकार) आणि ‘क्रॉस-कंपाइल’ (कोणता कंपायलर) ही दोन मूल्ये प्रत्येक मेक आदेशाला द्यायची, पर्याय निवडण्याच्या मेनूकॉन्फिगलासुद्धा. एकदा जरी ‘आर्क’ विसरलीस तरी मेक लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठीची कॉन्फिग तयार करून तुझ्या फाइलवर लिहितो, आणि पुढच्या बिल्डमध्ये निम्मे पर्याय गायब झालेले दिसतात. ती दोन्ही मूल्ये एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेव.

लॅपटॉपवर येणाऱ्या नेहमीच्या अडचणी भराभर सांगून टाकतो. फ्लेक्स, बायसन, बीसी, ओपनएसएसएल आणि एल्फ लायब्ररीच्या डेव्हलपमेंट फाइली आधी बसवून घे. सोर्सच्या फोल्डरच्या मार्गात कुठेही मोकळी जागा नको. ‘फायनल इयर प्रोजेक्ट’ असे तीन शब्दांचे फोल्डर असेल तर कर्नलचा मेकफाइल पहिल्याच पायरीवर नकार देतो. सोर्स विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवू नकोस, कारण नेटफिल्टरच्या भागात फक्त लहान-मोठ्या अक्षरांनी वेगळ्या ओळखल्या जाणाऱ्या फाइली आहेत आणि तिथे त्या एकमेकींवर लिहिल्या जातात. उबुंटूची तयार कॉन्फिग उचललीस तर बिल्ड ‘कॅनॉनिकल-सर्ट्‌स’ नावाच्या फाइलसाठी अडेल. ती फाइल तुझ्याकडे नसणारच, तेव्हा ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ आणि ‘सिस्टिम रिव्होकेशन कीज’ हे दोन पर्याय रिकामे कर. जुना कर्नल नव्या जीसीसीने बिल्ड करताना ‘वायवायलॉक’ची दोनदा व्याख्या झाल्याची एरर आली तर ती जीसीसी १० पासूनच्या बदललेल्या नियमामुळे असते. जीसीसी १५ ने सी भाषेचे सी२३ हे मानक मूळचे धरल्यामुळे ‘फॉल्स’ आणि ‘बूल’ या शब्दांवरून जुने कर्नल अडतात. दोन्ही वेळी तुझा कोड निर्दोष असतो. त्या शाखेची नवी स्थिर आवृत्ती घे किंवा जुना कंपायलर वापर.

तुझ्या ड्रायव्हरची पहिली खरी एरर मात्र निराळी होती. तुझ्या कोडवरून दिसते की ती ‘क्लास-क्रिएट’ या फंक्शनला जास्त आर्ग्युमेंट दिल्याची आहे. तू ज्या जुन्या नमुन्यावरून कोड घेतलास त्यात ‘धिस-मॉड्यूल’ हे पहिले आर्ग्युमेंट आहे, आणि ६.४ आवृत्तीपासून ते काढून टाकले आहे. लिनक्सच्या आत फंक्शनांची रूपे कायम ठेवण्याचे वचन कोणी दिलेले नाही. युजर प्रोग्रामना दिसणारी बाजू जपली जाते, आतली बाजू हवी तशी बदलते. प्रॉकमधल्या फाइलींसाठी ५.६ पासून ‘प्रॉक-ऑप्स’ ही वेगळी रचना लागते. ‘कॉलसिम्स-लुकअप-नेम’ ५.७ पासून मॉड्यूलना मिळत नाही. टायमर थांबवणाऱ्या फंक्शनचे नाव ६.२ मध्ये बदलले आणि जुने नाव ६.१५ मध्ये गेले. म्हणून इंटरनेटवरचा नमुना कोणत्या आवृत्तीचा आहे हे पाहिल्याशिवाय एक ओळही उचलू नये. नवे रूप काय हे शोधायला उत्तम जागा म्हणजे गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास. ‘गिट लॉग’ला मोठा एस आणि फंक्शनचे नाव दे. ज्या कमिटमध्ये ते बदलले ती सापडते, आणि त्याच कमिटमध्ये कर्नलमधल्या इतर ड्रायव्हरांत तोच बदल कसा केला तेही दिसते. तेवढे वाचलेस की कोणाला विचारायची गरज पडत नाही.

पायवर आणखी एक खाचखळगा आहे. ६.६ पासून तिथल्या जीपीआयओचे (सेन्सर जोडायच्या पिनांचे) जुने आकडे ५१२ पासून सुरू होतात, त्यामुळे कोडमध्ये सरळ ‘१७’ लिहिलेस तर पिन मिळत नाही. ५२९ लिहून वेळ मारून नेता येईल, पण ते करू नकोस. डिव्हाइस ट्री ओव्हरलेमध्ये (हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) पिन सांग आणि ड्रायव्हरमध्ये ‘जीपीआयओडी’ची फंक्शने वापर. आकड्यांचा प्रश्नच संपतो.

मॉड्यूल बिल्ड झाले पण ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून लोड होत नाही, असेही तू एका ठिकाणी लिहिले आहेस. टर्मिनलवरच्या त्या ओळीत काही नसते, खरे कारण त्याच क्षणी डीमेसेजमध्ये येते. बहुतेक वेळा चालू कर्नल एक आणि मॉड्यूल दुसऱ्याच बिल्डचे, एवढेच असते.

आता क्रॅश. इथे सावकाश जाऊ, कारण तुझा प्रोजेक्ट इथे अडला आहे.

मानशीवरचा फोटो ‘फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट’ या पॅनिकच्या ओळीवर संपतो. साध्या संदर्भात कर्नलकडून चूक झाली तर तो ‘ऊप्स’ छापतो, त्या प्रोसेसला मारतो आणि शक्य असेल तर पुढे चालत राहतो. तीच चूक इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरने इशारा देताच धावणाऱ्या कोडमध्ये) झाली तर मारण्यासारखी प्रोसेसच नसते, म्हणून सगळे यंत्र पॅनिकमध्ये जाते, म्हणजे पूर्ण थांबते. आणि पॅनिक झाले की डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. तुझ्या लॉग फाइलीत म्हणूनच काही सापडत नाही. तू लॉग नीट शोधला नाहीस असे नाही, तो तिथे पोहोचलाच नाही.

तेव्हा पहिले काम सिरियल कन्सोल, म्हणजे कर्नलचे संदेश तारेवरून दुसऱ्या यंत्रावर घेणे. यूएसबी ते सिरियल अशी तार घे, मात्र ३.३ व्होल्टची, ५ व्होल्टची पायच्या पिनला इजा करेल. पिन ८ आणि १० वर ती जोड, सोबत ग्राउंड. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये यूएआर्ट (सिरियल पोर्ट) सुरू कर, कर्नलच्या कमांड लाइनवर १,१५,२०० वेगाचा सिरियल कन्सोल आणि ‘इग्नोर-लॉगलेव्हल’ घाल. लॅपटॉपवर येणारा सगळा मजकूर फाइलमध्ये साठवत राहा. बोर्ड मेला तरी मरतानाचा शब्द न शब्द लॅपटॉपवर राहतो. बांधावर लॅपटॉप घेऊन बसणे दर वेळी जमणार नाही. त्यासाठी पीस्टोअर आणि रॅमऊप्स हा पर्याय आहे. रॅमचा एक तुकडा राखून ठेवला तर कर्नल पॅनिकचा लॉग तिथे लिहितो, आणि वीज न जाता बोर्ड पुन्हा सुरू झाला की तो फाइल म्हणून वाचता येतो. कमांड लाइनवर ‘पॅनिक बरोबर १०’ दिलेस तर दहा सेकंदांनी बोर्ड आपोआप उठतो. वायर्ड नेटवर्क असेल तिथे तेच संदेश नेटवरून पाठवणारा नेटकन्सोलही चांगला.

आता तुझ्या फोटोतल्या ज्या ओळी कामाच्या आहेत त्या वाचू. नल पॉइंटर डिरेफरन्स (रिकाम्या पॉइंटरमार्फत मेमरी वाचायचा प्रयत्न), पत्ता हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) १८. पुढे ‘ऊप्स’च्या ओळीत चौकटी कंसात क्रमांक १. त्याखाली ‘पीसी’च्या (कोड जिथे होता त्या जागेच्या) ओळीत मानस-आयआरक्यू, म्हणजे तुझा इंटरप्ट हँडलर, अधिक हेक्स २सी, तिरकी रेघ, हेक्स ९०.

क्रमांक १ फार महत्त्वाचा. हा बूट झाल्यापासूनचा पहिला ऊप्स आहे, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो. तिथे २ किंवा ३ असेल तर आधीच जखमी झालेल्या कर्नलची ती पुढची पडझड असते आणि तिच्यामागे धावण्यात अर्थ नसतो. वर जाऊन १ शोधायचा. ‘टेंटेड’च्या पुढे डी हे अक्षर असेल तर तेही हेच सांगते की याआधी एकदा ऊप्स होऊन गेला आहे.

पत्ता हेक्स १८, म्हणजे दशमान २४. पूर्ण शून्य नाही, शून्याच्या जवळ. याचा अर्थ कोणत्या तरी स्ट्रक्चरचा पॉइंटर शून्य होता आणि कोड त्यातला २४ व्या बाइटवरचा सदस्य वाचायला गेला. कोणता सदस्य ते अंदाजाने ठरवायचे नाही. पाहोल नावाचे साधन तुझ्या मॉड्यूलवर चालव, ते प्रत्येक स्ट्रक्चरमधल्या प्रत्येक सदस्याची जागा दाखवते. तुझ्या ‘मानस-बफ’मध्ये २४ वर ‘हेड’ आहे. म्हणजे बफरचा पॉइंटर शून्य होता.

हेक्स २सी आणि ९० यांचा अर्थ असा: ९० लांबीच्या फंक्शनमध्ये सुरुवातीपासून २सी अंतरावर. कर्नल सोर्सच्या स्क्रिप्ट्‌स फोल्डरमध्ये ‘फॅडर-टू-लाइन’ आहे. त्याला मॉड्यूल आणि हा मजकूर जसाच्या तसा दिला की ओळ क्रमांक मिळतो. अट एक, मॉड्यूल डिबग माहितीसह बिल्ड केलेले हवे. आणि ते त्याच बिल्डचे हवे. फंक्शनची लांबी जुळली नाही तर ते साधन उत्तर द्यायला नकार देते, आणि तो नकार योग्यच आहे, कारण वेगळ्या बिल्डवरून काढलेली ओळ तुला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडेल. म्हणून जे काही मानशीवर नेशील त्याचे व्हीएमलिनक्स (कर्नलची मूळ फाइल), मॉड्यूल आणि कॉन्फिग तारखेच्या फोल्डरमध्ये लॅपटॉपवर जपून ठेव. पूर्ण कॉल ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ती यादी) एकदम उलगडायचा असेल तर तिथेच ‘डीकोड-स्टॅकट्रेस’ नावाची स्क्रिप्ट आहे. ट्रेसमध्ये ज्या नावांच्या आधी प्रश्नचिन्ह असते ती स्टॅकवर उरलेली जुनी नावेही असू शकतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नकोस.

एवढे हातात घेऊन तुझे प्रोब फंक्शन (ड्रायव्हर उपकरणाशी जोडला जाताना धावणारे) उघडले तर सगळा उलगडा होतो. तू मुख्य स्ट्रक्चरला मेमरी घेतेस, लगेच इंटरप्ट नोंदवतेस, आणि त्याच्या चार ओळी खाली बफरला मेमरी घेतेस. इंटरप्ट नोंदवला त्या क्षणापासून हँडलर केव्हाही धावू शकतो, पुढच्याच सूचनेला सुद्धा. लॅबमध्ये बादलीतले पाणी शांत, फ्लोट हलत नाही, त्या चार ओळींच्या अवधीत पल्स येत नाही. मानशीवर भरतीचे पाणी दारावर आपटत असते, फ्लोट सतत थरथरतो, आणि हँडलर बफर तयार होण्याआधीच येऊन थडकतो. जागेचा, दमट हवेचा, खाऱ्या पाण्याचा यात काही संबंध नाही. आधी सगळी मेमरी, मग लॉक, मग टायमर यांची मांडणी पूर्ण कर, आणि इंटरप्टची नोंदणी अगदी शेवटी.

पत्त्यांची ही भाषा आणखी थोडी शिकून घे, आयुष्यभर पुरेल. पत्ता सगळा एफनी भरलेला आणि शेवटी एफ४ असेल तर तो उणे १२ आहे, म्हणजे मेमरी न मिळाल्याचा एरर कोड. फंक्शनने पॉइंटरच्या वेषात एरर परत केली आणि कोणी ‘इज-एरर’ने तपासली नाही. शेवटी ईडी असेल तर उणे १९, डिव्हाइस नाही. पत्त्यात ६बी ६बी ६बी अशी रांग दिसली तर मुक्त केलेली मेमरी कोणीतरी वाचतोय. स्लॅबचे (कर्नलच्या मेमरी वाटपाचे) डिबगिंग सुरू असताना कर्नल मुक्त मेमरीत हेच भरून ठेवतो. ‘डेड’ने सुरू होऊन १०० किंवा १२२ ने संपणारा पत्ता म्हणजे यादीतून आधीच काढलेला घटक पुन्हा काढला जातोय.

आता तिसरी तक्रार. मॉड्यूल काढल्यावर क्रॅश, ट्रेसमध्ये फक्त कर्नलची टायमर फंक्शने, तुझे एकही नाव नाही. साहजिकच आहे. तुझा टायमर दर पाच सेकंदांनी स्वतःला पुन्हा लावतो, आणि मॉड्यूल काढताना तू तो थांबवत नाहीस. कर्नलने तुझा कोड मेमरीतून काढला, पण टायमरच्या यादीत त्या कोडचा पत्ता तसाच राहिला. वेळ झाली, कर्नल त्या पत्त्यावर गेला, तिथे काही नाही. नाव छापायला मॉड्यूलच उरलेले नाही. बांध फुटतो एका जागी आणि खारे पाणी वर येते तिसऱ्याच मेरेत, तसे हे आहे. पण खूण तरी सापडते. त्याच फोटोत ‘मॉड्यूल्स लिंक्ड इन’ या ओळीच्या टोकाला ‘लास्ट अनलोडेड: मानस’ असे लिहिले आहे. कर्नलच्या आतल्या, वर्षानुवर्षे लाखो यंत्रांवर चाललेल्या कोडमध्ये क्रॅश दिसला की ती ओळ आधी वाचायची.

दुरुस्ती करताना क्रमाकडे लक्ष दे. आधी इंटरप्ट सोडायचा, मग टायमर थांबवायचा, मग मेमरी सोडायची. तुझा हँडलरही टायमर पुढे ढकलतो, त्यामुळे टायमर आधी थांबवलास तर मधल्या क्षणी आलेला इंटरप्ट तो पुन्हा लावेल. ६.२ पासून ‘टायमर-शटडाउन-सिंक’ आहे, ते वापरलेस की नंतर कोणी टायमर लावायचा प्रयत्न केला तरी तो लागत नाही. आणखी एक सापळा तुझ्या कोडमध्ये आहे, जो अजून फुटलेला नाही. इंटरप्ट तू ‘डेव्हएम’ प्रकारच्या फंक्शनने घेतला आहेस, तो रिमूव्ह फंक्शन पूर्ण झाल्यावर आपोआप सुटतो. बफर मात्र तू रिमूव्हच्या आतच हाताने मुक्त करतेस. म्हणजे बफर गेल्यावरही काही काळ इंटरप्ट जिवंत. एकतर दोन्ही ‘डेव्हएम’ने घे, नाहीतर दोन्ही हाताने सोड. अर्धे इकडे अर्धे तिकडे करू नकोस.

या दुरुस्त्या झाल्यावर दिवाडीला जाण्याआधी हे सगळे लॅपटॉपवर छळून बघ. क्यूएमूमध्ये (लॅपटॉपवरच्या आभासी यंत्रात) कर्नल चालव, कन्सोल सिरियलवर घे, कर्नलचे पत्ते दर वेळी बदलू नयेत म्हणून ‘नो-केएएसएलआर’ दे, म्हणजे जीडीबी हा डिबगर १२३४ पोर्टवर जोडून ब्रेकपॉइंट लावता येतात. सेन्सर नाही म्हणून अडायचे कारण नाही. ५.१७ पासून ‘जीपीआयओ-सिम’ नावाचे मॉड्यूल आहे, ते खोट्या पिना तयार करते आणि एका फाइलमध्ये लिहून तू त्या हव्या तेव्हा वर-खाली करू शकतेस. एका लूपमध्ये ती पिन सतत हलवत ठेव आणि दुसऱ्या लूपमध्ये मॉड्यूल लोड-अनलोड करत राहा. मानशीवरची सगळ्यात वाईट भरती तुझ्या टेबलावर येईल.

आणि हे करताना डिबगचे पर्याय सुरू असले पाहिजेत, त्यांच्याशिवाय ही चाचणी अर्धीच. केसॅन हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन २०१५ पासून, ४.० आवृत्तीपासून आहे. मुक्त मेमरीला हात लागला त्याच क्षणी तो तीन ट्रेस छापतो: हात कोणी लावला, मेमरी घेतली कोणी, सोडली कोणी. वर सांगितलेला बफरचा सापळा त्याच्यापासून लपणे कठीण. तो मेमरीचा आठवा भाग स्वतःसाठी घेतो आणि यंत्र मंद करतो, म्हणून लॅपटॉपवर वापरायचा. बोर्डवर केफेन्स ठेव, तो नमुन्यादाखल तपासतो, पण फारसा भार टाकत नाही. लॉकडेप २००६ पासून आहे. दोन लॉक दोन ठिकाणी उलट्या क्रमाने घेतले असतील तर प्रत्यक्ष अडकण्याआधीच तो सांगतो. ‘डिबग-अ‍ॅटॉमिक-स्लीप’ सुरू ठेव. तुझ्या हँडलरमध्ये म्यूटेक्स (मिळेपर्यंत झोपवून ठेवणारे लॉक) आहे, हँडलरमध्ये झोपता येत नाही, आणि हा पर्याय ते पहिल्याच खेपेला उघड करेल. तिथे स्पिनलॉक (न झोपता वाट बघणारे लॉक) वापर, आणि प्रोसेसच्या बाजूने तो इंटरप्ट बंद करून घे. ‘डिबग-ऑब्जेक्ट्‌स’मधले टायमरचा आणि ‘फ्री’चा हे दोन पर्याय सुरू असतील तर चालू टायमरसह मेमरी सोडली की ते लगेच ओरडतात.

गोठणे आणि क्रॅश यांत फरक कर. काहीच छापले न जाता बोर्ड थांबला तर घाईने वीज काढू नकोस. कुठलाही सीपीयू वीसेक सेकंद अडकला तर सॉफ्ट लॉकअपचा इशारा येतो, एखादे काम १२० सेकंद अडून राहिले तर हंग टास्कचा. दोन-तीन मिनिटे थांबलीस तर कर्नल बहुधा स्वतःच सांगतो कुठे अडकला ते.

नवा कर्नल टाकल्यावर ‘रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही, अननोन-ब्लॉक’ असे पॅनिक आले तर कंसातले आकडे बघ. शून्य, शून्य असेल तर डिस्कच ओळखली गेली नाही, म्हणजे तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही किंवा इनिटरॅमएफएस (बूटच्या वेळची तात्पुरती छोटी फाइल सिस्टिम) राहून गेले. दुसरे आकडे असतील तर डिस्क सापडली पण फाइल सिस्टिमचा आधार नाही. एवढ्यावर निम्मा शोध संपतो.

आणि कधी खरोखरच कर्नलच्या आवृत्तीमुळे काही बिघडले असे वाटले, जुन्यात चालते आणि नव्यात नाही, तर वाद घालण्यापेक्षा गिट बायसेक्ट (बदलांची यादी दर वेळी निम्मी करत जाणारा आदेश) लाव. दोन आवृत्त्यांमध्ये सोळा हजार बदल असले तरी चौदा बिल्डमध्ये नेमका बदल हाती लागतो. मधली एखादी पायरी बिल्डच होत नसेल तर ती वगळता येते. आपोआप चालवताना स्क्रिप्टने १२५ हा कोड परत करायचा.

सादरीकरण जवळ आले आहे, तेव्हा या क्रमाने जा. आज ड्रायव्हरमधले चार बदल कर: इंटरप्ट शेवटी, सोडण्याचा क्रम, डेव्हएमची सरमिसळ, म्यूटेक्सच्या जागी स्पिनलॉक. उद्या क्यूएमूमध्ये केसॅन आणि लॉकडेप लावून खोटी पिन रात्रभर हलवत ठेव. लॉग स्वच्छ राहिला तर परवा सिरियल तार घेऊन फेरीबोटीने दिवाडीला जा, भरतीची वेळ बघून. पुन्हा कोसळले तर मला फोटो पाठवू नकोस. बूटच्या पहिल्या ओळीपासूनचा सिरियल लॉग, ती कॉन्फिग फाइल, आणि त्याच बिल्डचे मॉड्यूल पाठव. त्या तिन्हींवरून मी इथे बसून ओळ सांगू शकतो.